आजोबा घराबाहेर

"या, बसा," म्हटलं की माणसं बसतात. हे गृहस्थ आधी खुर्ची उलटी करायचे.

"अहो, हे काय?"

"सांधा बघतोय."

"बसा तरी आधी!"

"बसण्याजोगी आहे का, तेच तर बघतोय."

सगळं आयुष्य फर्निचरच्या कारखान्यात सुतारकाम करण्यात गेलेलं. कारखाना सुटला, पण डोळा सुटला नाही. एकदा शेजारच्या इमारतीत आजारी माणसाला बघायला गेले आणि फळांची पिशवी टेकवून थेट पलंगाखाली वाकले. आजारी माणूस वरून क्षीण आवाजात विचारतोय, "काय झालं हो?"

"एक पाय आखूड आहे."

"माझा?"

"पलंगाचा हो! तुमचे ठीक दिसतायत."

वसाहतीने त्यांचं नाव ठेवलं उलटेकाका. ते त्यांना आवडायचं. कुणी नवीन भेटलं की स्वतःच सांगायचे, "मी उलटेकाका. वरून सगळं छानच असतं हो. मला खालून बघायचं असतं."

त्या वर्षी वसाहतीच्या समाजकेंद्रात एक संशोधक आल्या. मुलं, त्यांची घरं आणि त्या घरांतल्या माणसांच्या मनाचं बरंवाईट, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. पण रीत जरा निराळी. छापील प्रश्न घेऊन दारोदार हिंडायचं नाही. आधी वसाहतीतल्या लोकांनाच जमवायचं आणि विचारायचं, तुम्हाला स्वतःला काय जाणून घ्यायचंय?

लोकांना हे भलतंच वाटलं. निवृत्त बसकंडक्टर उभे राहिले.

"म्हणजे प्रश्न आम्ही काढायचे, उत्तरं पण आम्हीच द्यायची. मग तुम्ही काय करणार?"

"मी ऐकणार."

"त्याचा पगार मिळतो?"

"मिळतो."

"हे आधी कुणी सांगितलं असतं तर!"

"तुम्ही आणि ऐकणार?" त्यांची बायको मागच्या ओळीतून म्हणाली. "उपाशी मेलो असतो आम्ही."

हशा ओसरल्यावर कपडे शिवणाऱ्या बाई बोलल्या. त्या सहसा बोलत नसत. "मला माझी मुलगी कशी आहे हे कळत नाही. शाळा कशी झाली? बरी. मैत्रीण कशी आहे? बरी. तू कशी आहेस? बरी. आमचं सगळं घर त्या एका शब्दावर चाललंय. तो शब्द उघडायचा कसा, तेवढं शोधून द्या."

बऱ्याच माना हलल्या. कुणी म्हणालं, पोरांना चित्र काढायला सांगा. कुणी म्हणालं, आमचा काढतो, पण फक्त ट्रक. उलटेकाका तोवर बाकाखालच्या पट्टीत बोट घालून बसले होते. तिथूनच म्हणाले, "विचारता कशाला? एक घर करून द्या त्यांना. छोटंसं. कोण कुठे असतं, लावून दाखवतील की."

"आणि घर करणार कोण?" संशोधकबाईंनी विचारलं.

काकांनी बोट बाहेर काढलं. "हे काय विचारणं झालं?"

घर झालं. पुढची भिंत नसलेलं, आतल्या भिंती खाचेतून सरकणाऱ्या, कारण दोन घरं सारखी नसतात. ओटा, पलंग, कपाट, टीव्ही, पाण्याची टाकी. मग माणसं. आई, बाबा, लहान-मोठी मुलं, आजी, सगळी गोल लाकडातून घडवलेली आणि उभी राहावीत म्हणून बुडाशी जड. आजोबा मात्र त्यांनी बसलेले केले. हातांची आरामखुर्ची, टेकलेली पाठ, मांडीवर हात. खुर्ची आणि आजोबा आतून खुंटी मारून, सरस लावून एकजीव. त्या एका बाहुल्यावर इतरांपेक्षा जास्त वेळ गेला, हे कुणालाही दिसत होतं.

"यांना खुर्चीला चिकटवलंत?" संशोधकबाईंनी हातात घेऊन विचारलं.

"म्हाताऱ्या माणसाला टेकायला काहीतरी हवं."

"देखणे झालेत."

"झालेत ना?" काका म्हणाले आणि विषय तिथेच संपला.

काम सुरू झालं. समाजकेंद्राच्या आतल्या खोलीत एका वेळी एक मूल. बाई विचारायच्या, "संध्याकाळी दिवे लागले की तुझ्या घरात कोण कुठे असतं, लावून दाखवतेस?" बस्स. मुलांनी त्यांना घरताई करून टाकलं. नियम पक्का होता. मुलाने मांडलेलं घर आईबापांनाही सांगायचं नाही. मुलाच्या जिवाला काही धोका दिसला तर गोष्ट वेगळी. एरवी सगळ्या घरांमधून मिळून जे दिसेल तेवढंच सभेपुढे यायचं.

काका बाहेरच्या खोलीत हत्यारं घेऊन बसायचे, दुरुस्तीला. आणि तिथे त्यांची खरी पंचाईत व्हायची. कारण मुलं बाहेर येऊन मागण्या करायची.

"एक फोन बनवा. बाबांच्या हातात बसेल असा."

"मांजर हवं. मोठं. आईपेक्षा मोठं."

"त्या मोरीच्या दाराला आतून कडी लावता?"

विचारायचं नाही. का, कशाला, कुणासाठी, काही नाही. काकांनी फोन केला, मांजर केलं, कडी लावली, आणि प्रत्येक वेळी जीभ दाताखाली धरली. ज्या माणसाने आयुष्यात एकही स्टूल सरळ पाहिलं नाही, त्याच्यापुढे अख्ख्या वसाहतीची घरं उलटी होत होती आणि मधे एक बंद दार होतं.

या सगळ्यात त्यांचा स्वतःचाही एक प्रश्न होता. तो त्यांनी सभेत मांडला नव्हता.

बायको गेल्यावर काका मुलाकडे राहायला आले होते. मुलाचं घर लहान. नातीच्या खोलीत त्यांचा पलंग लागला. नात प्राथमिक शाळेतली. समोरचे दोन दात जरा पुढे आणि सतत काहीतरी कुरतडत असायची, म्हणून तिला सगळे खारू म्हणत. मुलीला तिची जागा हवी, म्हणून काकांनी आल्या आल्या खोलीच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी केली. आत कापसाचा थर भरला, इकडचा आवाज तिकडे जाऊ नये. काम असं की सून म्हणाली, "बाबा, बिल्डरला लाजवलंत."

पण खारू झोपेना. आधी गाढ झोपणारी मुलगी सकाळी डोळे चोळत उठायची आणि वर्गात बाकावर डोकं टाकायची. शाळेतून बाईंचा फोन आला. विचारलं तर उत्तर ठरलेलं. बरी आहे.

एका सकाळी काका पाण्याचा तांब्या घ्यायला स्वयंपाकघराकडे निघाले आणि दाराशी थबकले. आत मुलगा सुनेला म्हणत होता, "बाबा आल्यापासून झालंय हे सगळं."

"हळू बोल."

"मी दोष देत नाहीये. पण आल्यापासूनच ना?"

काका तांब्या न घेताच परत आले. त्यांनी मोठ्या बहिणीला फोन लावला. अक्का एकटी राहायची, तिच्याकडे एक खोली रिकामी होती.

"अक्का, तुझी ती मागची खोली..."

"कोळ्यांची जाळी आहेत. का रे बाळ्या, हाकललं?"

"कुणी हाकलत नाही. मलाच वाटतंय, पोरीला जड होतोय मी."

"पोर म्हणाली तसं?"

"म्हणत नाही ना काही! तिथेच तर अडलंय."

"मग नीट कळलं की सांग. तोवर मी झाडून ठेवते."

म्हणजे प्रश्न एवढाच होता. राहायचं की निघायचं? आणि उत्तर खारूच्या डोक्यात होतं. तिचा नंबर घरताईंच्या दुसऱ्या फेरीत होता. काका रोज त्या छोट्या घराकडे बघायचे आणि मनात विचारायचे, ती मला कुठे ठेवेल? ठेवेल का?

पहिली फेरी संपली. घरताईंनी सभा बोलावली आणि काय दिसलं ते सांगायला लागल्या. फोन जवळजवळ प्रत्येक घरात बाबांच्या हातात दिसला म्हणाल्या, तेव्हा बाप लोक खाली बघायला लागले. आई बहुतेक ओट्यापाशीच असते, असं सांगितलं, तेव्हा बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "आणि एक गोष्ट मला अजून उमगलेली नाही. ज्या घरांत आजोबा आहेत, त्यांतल्या बहुतेक मुलांनी आजोबांना घराबाहेर ठेवलंय."

"बाहेर म्हणजे?" कंडक्टरांनी विचारलं.

"टेबलावर. घराच्या शेजारी. काहींनी तर बाहुल्यांच्या खोक्यातच."

"खोक्यात!" कंडक्टर उठलेच. "अहो, मी दिवसभर घरात सडतोय! भाजी मी निवडतो, दळण मी आणतो, आणि नातू मला खोक्यात घालतो?"

"तुमच्याच नातवाने घातलं, असं त्या कुठे म्हणाल्या?" बायकोने त्यांचा सदरा ओढला.

"मग कुणाच्या?"

"ते सांगता येणार नाही," घरताई म्हणाल्या. "पण काय वाटतं तुम्हाला? घरातल्या हालचालीतून म्हातारी माणसं बाजूला पडत चालली आहेत का?"

वाद पेटला. कुणी म्हणालं टीव्ही, कुणी म्हणालं नोकऱ्या, कुणी म्हणालं आजोबाच चिडके. एक आजोबा शांतपणे म्हणाले, "खरं असेल. मुलं खोटं कशाला दाखवतील?"

काका घरी आले ते फोनकडेच. "अक्का, झाडलीस का?"

"अर्धी झालीय. कळलं वाटतं?"

"सगळ्याच आजोबांचं कळलं. माझं वेगळं काय असणार?"

"सगळ्यांचं म्हणजे तुझं नव्हे," अक्का म्हणाली. "लहानपणी सगळ्यांना गोवर झाला, तुला नाही झाला. तेव्हासुद्धा आधीच पांघरूण घेऊन पडला होतास."

दुसऱ्या दिवशी मोरीच्या दाराची कडी ढिली झाली म्हणून काका समाजकेंद्रात गेले. खोली रिकामी होती. कडी बसवली आणि जाता जाता, सवयच ती, त्यांनी बाहुल्या एकेक उचलून उलट्या केल्या. आईचं बूड घासून गुळगुळीत. बाबांचंही. मुलांची तर कड झिजलेली. आजोबांच्या खुर्चीचे पाय मात्र कोरे करकरीत, काल केल्यासारखे.

साहजिकच, घरात ठेवलेच नाहीत तर झिजणार कसे?

काकांनी बाहुला सरळ केला आणि त्यांचं लक्ष त्याच्या डोक्याकडे गेलं. डोकं काळवंडलं होतं. बोटांच्या मळाने, तेलाने. आईच्या डोक्यापेक्षाही जास्त.

हे काय गौडबंगाल? पायांना कुणी जमिनीवर टेकवलं नाही, पण डोक्याला धरून सगळ्यांनी उचललंय.

काका जमिनीवर बसले. गुडघे कुरकुरले. त्यांनी आजोबांना उचललं आणि ओट्यापाशी न्यायला गेले. खुर्ची ओटा आणि टाकीच्या मधे अडकली. पलंगावर निजवायला गेले, तर आजोबा तंगड्या वर करून उताणे. दारात उभे करावेत, तर उभेच राहत नाहीत. नातवाशेजारी जमिनीवर बसवावेत, तर खुर्चीच्या उंचीमुळे शिक्षा करणाऱ्या मास्तरासारखे दिसायला लागले. काका वळवत होते, तिरपे करत होते, घामेघूम झाले होते.

"काका?" घरताई दारात उभ्या. "काय चाललंय?"

"याला भाजी निवडायला बसवतोय. बसत नाही हो मेला!"

"बसलेलाच आहे की तो."

"तेच तर! जन्मभर बसलेलाच आहे. याला दुसरं काही करताच येत नाही." काकांनी बाहुला वर धरला. "ताई, मुलं याला बाहेर ठेवत नव्हती. आत घ्यायला बघत होती. डोकं बघा याचं. प्रत्येकाने उचललंय, फिरवलंय आणि जागा मिळेना म्हणून ठेवून दिलंय. माझ्या लेखी म्हातारा म्हणजे खुर्ची. मीच खुंटी मारली, सरस पण मीच लावला."

घरताईंनी बाहुला हातात घेतला, घरात ठेवून पाहिला, काढला, परत ठेवला. मग त्याही खाली बसल्या आणि कपाळाला हात लावून हसायला लागल्या. "मी यावर पानभर लिहून ठेवलंय, काका. हातात घेतला होता मी, विचारलंही होतं तुम्हाला. आणि देखणा आहे म्हणून सोडून दिलं."

"आता?"

"आता सोडवा त्याला. ज्या मुलांकडे आजोबा आहेत त्यांना पुन्हा बोलवू. सभेतही सांगू, दोघांनी मिळून. कंडक्टर आपल्याला जिवंत सोडणार नाहीत."

काकांनी बारीक करवत लावली. खुर्ची कापून काढली, आजोबांना नवे पाय दिले, आणि भर म्हणून गुडघ्यात वाकण्याचीही सोय केली.

दुसऱ्या फेरीत खारू आत गेली. काका बाहेर रंध्याचं पातं घासत बसले. पात्याला धार होतीच. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली, पेन्सिल कुरतडत, आणि आईबरोबर निघून गेली. काका आत शिरले. घर मोडून ठेवलेलं, बाहुल्या खोक्यात.

"ताई, एकच सांगा. आत का बाहेर?"

"काका."

"फक्त मान हलवा. कुणाला कळतंय?"

"तिला कळेल ना. मी तिला शब्द दिलाय."

"मी अक्काकडे जायचं की नाही, ते ठरतंय त्यावर."

घरताई थांबल्या. मग शेजारची खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. "मग तर मुळीच सांगणार नाही. एका मुलीने संध्याकाळी बाहुला कुठे ठेवला, यावर तुम्ही घर सोडणार? त्या बाहुल्याने आपल्याला आत्ताच केवढं फसवलं! तिलाच विचारा."

"ती 'बरी' म्हणते."

"तुम्ही काय विचारता?"

"'झोप कशी लागली?'"

"तुम्हाला काय जाणून घ्यायचंय? झोपेचं का?"

काका उठले आणि बाहेर जाऊन हत्यारं पिशवीत भरायला लागले.

रविवारी दुपारी मुलगा-सून बाजारात गेले. खारू तिच्या बाजूला पुस्तक घेऊन पडली होती. काका प्लायवूडच्या भिंतीला वळसा घालून गेले आणि तिच्या पलंगाच्या कडेला टेकले. पलंग उलटून बघायची इच्छा त्यांनी आवरली.

"खारू, मला एक विचारायचंय, आणि त्याचं उत्तर मला अजिबात माहीत नाही."

तिने पुस्तकाच्या वरून पाहिलं. "काय?"

"मी या खोलीत आलो ते तुला नकोसं झालंय का? मी अक्काआजीकडे राहायला जाऊ शकतो. रागावून नाही. खरंच."

खारू उठून बसली. "कधी?"

"तू म्हणशील तेव्हा."

"तिथे तुमच्या खोलीत कोण झोपणार?"

"कुणी नाही. मी एकटा."

"मग बघणार कोण?"

"काय बघणार?"

तिने पेन्सिल तोंडात घातली, काढली. "आजी झोपेतच गेली ना? सगळे म्हणत होते. किती छान, झोपेतच गेली, कुणाला कळलंसुद्धा नाही. म्हणजे बघत असतं कुणी तर कळलं असतं."

काकांनी तिच्या पुस्तकाचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

"आधी मला कळायचं. आजीकडे आम्ही सुट्टीत यायचो, तेव्हा तुम्ही घोरायचात. हॉलमध्ये पण ऐकू यायचं. इथे आलात तेव्हापासून घोरतच नाही. आणि भिंत. भिंतीला कान लावला तरी काही येत नाही. मग मी उठून येते, तुमचं पांघरूण हलतंय का बघते, जाते. मग परत वाटतं, आता थांबलं असेल तर?"

सुनेची झोप मोडू नये म्हणून काका इथे आल्यापासून पाठीशी उशी लावून कुशीवर झोपत होते. अवघडून, मान आखडेपर्यंत. घोरणं बंद झालं याचा त्यांना अभिमान होता. आणि भिंतीत कापूस त्यांनी स्वतःच्या हाताने ठासला होता.

"हे आईला का नाही सांगितलंस?"

"ती घाबरेल. म्हणेल, असं बोलू नये."

"मी घाबरणार नाही?"

"तुम्ही विचारलंत," खारू म्हणाली.

काकांनी खिशातून रुमाल काढला, नाक पुसलं, उगीचच परत पुसलं. "हे बघ. मी मरणारच नाही, असं मी तुला सांगू शकत नाही. ते खोटं होईल. पण आजी झोपली म्हणून गेली नाही. तिचं हृदय आजारी होतं, बरेच दिवस. डॉक्टर मला सांगत होते आणि मी तुला सांगितलं नाही. ती तेव्हा झोपेत होती, एवढंच. आणि माझ्यावर पहारा ठेवणं हे तुझं काम नाही. तुझ्या बाबांचं आहे, माझं आहे, त्या डॉक्टरचं आहे."

"डॉक्टर रात्री घरी जातो."

"जातो खरा." काकांनी प्लायवूडवर टिचकी मारली. "ही भिंत काढून टाकू?"

"नको!" खारू दचकली. "माझी आहे ती. मी त्यावर चिकटवलंय सगळं. भिंतीत खिडकी करा."

"खिडकी?"

"इथे. माझ्या उशीपाशी. आणि कडी माझ्या बाजूला."

"माझ्या बाजूला नको?"

"तुम्ही कशाला उघडणार? तुम्ही झोपायचं. आणि उताणे झोपा. घोरा."

"आई ओरडेल."

"तिच्या भिंतीत कापूस घाला ना."

बाजारातून मुलगा-सून आले तेव्हा प्लायवूडवर पेन्सिलीने चौकोन आखलेला होता आणि त्याच्या आकारावरून भांडण चाललेलं होतं. काकांनी दोघांना स्वयंपाकघरात बसवून सगळं सांगितलं. सून ओट्याला टेकून रडली. मुलगा म्हणाला, "बाबा, मी त्या सकाळी जे बोललो ते तुम्ही..." काका म्हणाले, "खरंच बोललास. आल्यापासूनच झालं. कशाने झालं, तेवढंच बघायचं राहिलं होतं." घरताईंना विचारून खारूला एका समुपदेशक बाईंकडे न्यायचं ठरलं. काकांनाही जायला सांगितलं. बायकोबद्दल ते स्वतः कुणाशी कधी बोलले, असं घरताईंनी विचारलं, तेव्हा त्यांच्या तोंडून "बरंय माझं" एवढंच निघालं आणि सून त्यांच्याकडे बघतच राहिली.

खारू लगेच झोपायला लागली असं झालं नाही. खिडकी आधी बऱ्याचदा उघडायची. मग कमी. काही दिवस ती उघडीच राहून जायची, कारण बंद करायच्या आत तिला झोप लागलेली असायची.

अक्काला फोन करायचा राहिला होता. तिनेच केला.

"बाळ्या, खोली लखलखीत केलीय. नवीन पडदे लावले. कधी येतोस?"

"अक्का, येत नाही."

"म्हणजे? पोर म्हणाली राहा?"

"तसं नाही म्हणाली. ती म्हणाली, घोरा."

अक्काने ते त्यांना दोनदा सांगायला लावलं.

"एवढ्याशा घरात," अक्का म्हणाली, "तुला घोरण्यासाठी ठेवून घेतलाय?"

"हो."

"अरे, मग जपून राहा. असलं काम कुणी सहसा देत नाही."